एकच पर्याय निवडा

सारागोसात, तिसऱ्या मजल्यावर,
कानाला हेडफोन लावून मी देशाला विचारत असते :
गेल्या आठवड्यात तुम्ही किती तास काम केलंत?
प्रवास धरायचा नाही.
वाट पाहणं धरायचं नाही.

हाएनहून कासिल्दा बोलते.
मागे कुणाचा तरी खोकला, भांड्यांचा आवाज.
डिसेंबरपासून ऑलिव्ह, फेब्रुवारीत संपलं.
मग?
मग झाडं आराम करतात, ती म्हणते,
आणि मी झाडांना विचारून येते.

पाल्माच्या हॉटेलात फुल्खेन्सियो ताटं विसळतो.
करारावर चार तास. चार लिहा.
घड्याळावर नऊ. ते नका लिहू.
मी चार लिहिते.
नऊसाठी माझ्याकडे रकाना नाही,
असता तरी त्यानं नको म्हटलंय.

गॅलिसियात दोरिंदा पहिल्याच घंटीला फोन उचलते,
ओल्या हातानं, धापा टाकत.
शिंपल्यांची होडी लागली की कारखाना बोलावतो,
म्हणून फोन न्हाणीघरातसुद्धा सोबत.
मी कारखाना नाही, हे कळल्यावर
तिचा आवाज खाली बसतो, पिठासारखा.
सर्वेक्षण आहे, मी म्हणते. दहा मिनिटं.
विचार, ती म्हणते, पण लाइन अडवू नकोस.

बिल्बाओची गाराझी तीन शाळांत मिळून अकरा तास संगीत शिकवते,
कुणाच्या तरी बाळंतपणाच्या रजेवर.
बाळ चालायला लागलं
की हिची नोकरी जाते.
बाळाचं चांगलंच व्हावं, ती म्हणते, आणि हसते,
मग हसणं थांबवायला तिला जरा वेळ लागतो.

प्रश्न एकतीस : अर्धवेळ का?
शिक्षण. आजारपण. घरच्यांची देखभाल.
पूर्णवेळ काम नको.
पूर्णवेळ काम मिळालं नाही.
शेवटच्याला वरच्या मजल्यावर अनैच्छिक म्हणतात.
शाळेत हा शब्द स्नायूंसाठी होता :
जठर, आतडी, काळीज,
ज्यांना कुणी विचारत नाही
आणि जे रात्रपाळीही करतात.

नकाशा रंगतो तिमाहीला एकदा.
दक्षिण गडद, उत्तर फिकी.
जुलैत कासिल्दा लेरिदाला पीच तोडायला जाते,
एक खोली, सात गाद्या.
तेव्हा हाएन थोडं उजळतं का?
विचारलं तर साहेब म्हणाले, तुझं काम फोन करणं.

मंगळवारी पडद्यावर आला तो नंबर
माझ्याच घराचा.
नियमाप्रमाणे घर शेजारच्या टेबलाकडे, आन्सेल्मोकडे.
त्यानं खुर्ची भिंतीकडे वळवली, मला लाजू नये म्हणून,
आणि माझ्या मोबाइलवर फोन लावला.
तीन फुटांवरून त्याचा आवाज मला दोनदा ऐकू आला.
नमस्कार, बाई. किती तास?
पंचवीस. वीस तारखेपर्यंत.
का?
पर्याय सगळे वाचावेच लागतात. त्यानं वाचले,
मलाच पाठ असलेले, माझ्याच चालीत.

घरी आई आहे, तिचे गुडघे, तिचा विसराळूपणा.
पूर्णवेळ दिलं असतं तर घेतलं असतं का मी?
दिलंच नाही कुणी, म्हणून ठाऊक नाही.
तिसरा खरा. पाचवाही खरा.
बाई, आन्सेल्मो भिंतीला म्हणाला,
एकच पर्याय निवडा.

मी गप्प.
त्याचा करारही वीसपर्यंतच.
मग लेखी नसलेलं एक वाक्य तो हळूच बोलला :
काय लिहू, सांग ना.

पाच, मी म्हटलं. मग तीन. मग राहू दे, पाच.

धन्यवाद. आपलं घर सहा तिमाह्या नमुन्यात राहील.
पुढच्या तिमाहीत पुन्हा फोन येईल.
कोण करेल, ते त्यालाही माहीत नव्हतं.